पेन न उचलता माणूस काढायचा

मैत्रिणींनो, बैठकीत आपल्या हातात पेन येतं ते बहुतेक वेळा सहीपुरतं. सही झाली की पेन पुढच्या ताईकडे. चित्र काढा म्हटलं तर "ते पोरांचं काम" म्हणून कागद परत सरकवला जातो. पण एकाच रेषेत माणूस काढायला चित्रकला यावी लागत नाही, खोडरबरही लागत नाही. पेन टेकवलं की चित्र पुरं होईपर्यंत उचलायचं नाही, एवढंच.

आपल्या शिरूर-दौंडकडे कांदा निवडायला बसलेली बाई यासाठी फार चांगली, ती जागची हलत नाही. तिच्या बाजूला बसा. कपाळापासून सुरू करा. नजर जितकी हळू सरकेल तितकाच हळू हात जाऊ द्या: नाक, ओठ, हनुवटी, मग हात, हातातला कांदा, मुडपलेला गुडघा, आणि मागून वाकलेल्या पाठीवरून पदर धरून परत डोक्यावर. कागदाकडे कमी बघा, तिच्याकडे जास्त. कुठे अडलात तर काढलेल्या रेषेवरूनच माघारी या. किमॉन निकोलाइड्स या अमेरिकी चित्रकला शिक्षकांचं पुस्तक १९४१ साली निघालं. पेन्सिलीचं टोक कागदाला नाही, समोरच्या माणसालाच टेकलंय असं धरून चाला, असं ते शिकवत.

पहिल्या चित्रात नाक हनुवटीपर्यंत येईल. हसा आणि दुसरं काढा. चेहरा वाकडा आला तरी बसायची ढब नेमकी उतरते. लांबून येणारी बाई तोंड दिसायच्या आधीच आपण चालीवरून ओळखतो ना, तसंच. आणि खरं सांगू? आपल्या आईचा घरातला फोटो लग्नातला, नाहीतर आधारकार्डावरचा. कामाला बसलेली आई कुणी काढून ठेवलेली नसते.

पालघरकडच्या वारली चित्रांत माणूस दोन त्रिकोणांचा असतो, तो आकार ठरलेला. इथे ठरलेलं काहीच नाही. समोर जी असेल तिचीच रेष. हात न उचलता रेष ओढणं आपल्याला परकंही नाही, जुनी मोडी लिपी शक्यतो तशीच लिहायचे.

चित्र जमलं की तेच कापडी पिशवीवर उतरवून साखळी टाक्याने भरता येतं. रेष एकच, म्हणून दोरा सारखा तोडावा लागत नाही. विक्रीला ठेवायच्या असतील तर आधी दोन-चारच पिशव्या करून बघा, एकदम तागा आणू नका. सरावाला पाठकोरे कागद चालतात. गटाच्या नोंदवहीत मात्र काढू नका, ती ऑडिटला जाते!