निर्दोष माणसाला वकील कशाला?

"केलं नसेल तर सुटेलच की! चांगला वकील लागतो तो गुन्हेगाराला." मी सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहते, बरेचदा विधी सेवा प्राधिकरणाच्या नेमणुकीवर. त्यामुळे हे वाक्य लग्नकार्यातसुद्धा ऐकावं लागतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्याने गुन्हा केला त्याला काय घडलं ते ठाऊक असतं. साक्षीदार कुठे घसरतोय, हे तो वकिलाच्या कानात सांगू शकतो. निर्दोष माणूस काय सांगणार? "मॅडम, मी तिथे नव्हतोच." पुढचं सगळं वकिलाने शोधायचं.

शोधायचं म्हणजे दोषारोपपत्राचं पान न् पान वाचायचं. साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब आणि त्याची कोर्टातली साक्ष शेजारी ठेवायची. जबाबात "अंधारात चेहरे दिसले नाहीत" असेल आणि साक्षीत तोच माणूस आरोपीकडे बोट दाखवत असेल, तर उलटतपासणीत ते वाक्य त्याच्यापुढे ठेवावं लागतं, मग तपासी अंमलदाराकडून सिद्ध करून घ्यावं लागतं. तो जबाब आपोआप पुरावा होत नाही. वकिलाने विचारलं नाही, तर खटल्यापुरतं ते वाक्य नसल्यासारखंच.

नाशिक जिल्ह्यातलं २००३ सालचं दरोडा, बलात्कार आणि खुनांचं प्रकरण घ्या. भटक्या समाजातल्या सहा गरीब मजुरांना २००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि घटनेनंतर दोनच दिवसांत, हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती! त्यांच्या दिशेने तपास पुढे गेलाच नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. न्यायालय तेच, घटना तीच. फोटोंच्या ओळखीला वजन मिळायला मात्र जवळपास सोळा वर्षं गेली.

गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो हे खरं, पण नेमणुकीचा कागद म्हणजे बचाव नव्हे. मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले आणि पंधरवड्यात निकाल लागला. २०१९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमावा, तयारीला निदान सात दिवस द्यावेत, असं बजावलं. सात दिवससुद्धा मला अपुरेच वाटतात. शेकडो पानं वाचायची, आरोपीला तुरुंगात जाऊन भेटायचं, जागा पाहायची.

कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, १५१०० हा क्रमांकही आहे. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते, ती घरच्यांनीही वाचावी. आणि घटनेच्या वेळी तो कामावर होता, दवाखान्यात होता, एसटीत होता, जे असेल ते वकिलाला पहिल्याच आठवड्यात सांगावं. हजेरीपट मागवता येतो, पण सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं.