पत नसलेल्या बाजारातील जीभ

जैन घरांत मुलांच्या ऑनलाइन गेमविषयी बोलणे निघते ते बहुधा डोळे, अभ्यास आणि वेळ या तीन गोष्टींवरून. आजी-आजोबा असलेल्या घरांत चौथी गोष्ट निघते, ती बंदुकीची. मुंगीलाही वाट करून देणाऱ्या घरातील नातू पडद्यावर का होईना, माणसे मारतो, हे त्यांच्या मनाला लागते. या चारही तक्रारी खऱ्या आहेत. मात्र कानाला लावलेल्या हेडफोनमधून मुलाला काय ऐकू येते आणि ओठांजवळच्या माइकमधून तो स्वतः काय बोलतो, याची चौकशी फार थोड्या घरांत होते. हेडफोनमधला आवाज बाहेर येत नाही. त्यामुळे शेजारी बसून माळ फिरवणाऱ्या आजीलाही त्याचा पत्ता लागत नाही.

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, मुलांच्या भाषेत बीजीएमआय, याचे उदाहरण घ्यावे. एका सामन्यात शंभरपर्यंत खेळाडू उतरतात आणि बहुतेक मुले चार-चार जणांच्या तुकडीत, म्हणजे स्क्वाडमध्ये, खेळतात. मित्र जमले नाहीत तर यंत्रणाच अनोळखी तिघे जोडून देते. जालन्याच्या बारा वर्षांच्या मुलाला साथीदार मिळतो तो पाटण्याचा की हैदराबादचा, शाळकरी की पंचविशीतला, हे कळण्याचा मार्ग नसतो. चौघांचे माइक एकमेकांना खुले असतात. जखमी साथीदाराला वेळेवर उठवले नाही, शत्रू कुठे आहे ते सांगायला उशीर झाला, की शिव्यांना सुरुवात होते. आई-बहिणीवरून सुरू झालेले बोलणे भाषा, प्रांत, जात, धर्म यांवर घसरते. नीट खेळता आले नाही तर ‘नूब’ आणि ‘बॉट’. फारच चांगला खेळला तर ‘हॅकर’. मुलीचा आवाज ऐकू आला तर बोलण्याची पातळी आणखी खाली जाते. म्हणून कित्येक मुली माइक बंद ठेवतात, किंवा मुलाचे नाव धारण करून खेळतात.

ही केवळ भारतातील रीत नाही. अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेच्या २०२१ सालच्या पाहणीत ऑनलाइन बहुखेळाडू गेम खेळणाऱ्या १८ ते ४५ वयोगटातील ८३ टक्के लोकांनी छळ अनुभवल्याचे सांगितले. १३ ते १७ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६० टक्के होते.

पिठाचा कोंबडा आणि खरा घाव

प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकांचा उच्चार सर्वांच्या तोंडी असतो. त्यांतील मृषावाद, कलह, अभ्याख्यान, पैशुन्य, परपरिवाद आणि मायामृषावाद ही सहा थेट वाणीची आहेत. अठरापैकी सहा, म्हणजे एक तृतीयांश. अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ घेणे. समोरचा चांगला खेळला एवढ्यावरून त्याला ‘हॅकर’ ठरवून चौघांनी मिळून त्याची तक्रार करणे हे त्याचे अगदी आजचे रूप. गेम खेळणाऱ्या मुलाला हा शब्द पाठ असतो. त्याचा अर्थ आपल्याच अंगठ्याखाली घडतो आहे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

बंदुकीचा मुद्दा मात्र बाजूला सारता येणार नाही. ‘ती चित्रेच आहेत, त्यात कोण मरते’ हे मुलाचे उत्तर जैन परंपरेला पुरेसे वाटत नाही. यशोधर राजाची कथा याच प्रश्नाभोवती फिरते. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ती ‘यशस्तिलक’मध्ये विस्ताराने सांगितली. आईच्या आग्रहाखातर राजाने देवीपुढे जिवंत नव्हे, पिठाचा कोंबडा कापला. तरी मारण्याचा भाव झाला म्हणून माता-पुत्रांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावे लागले. त्या कसोटीने पडद्यावरील गोळीही निर्दोष ठरत नाही, आणि आजोबांची खंत अडाणीपणाची नाही. पण त्याच कसोटीवर माइकमधील शिवी ठेवून पाहिली, तर ती कितीतरी जड भरते. गोळी ज्याला लागते ते चित्र असते; शिवी ज्याला लागते तो कुठेतरी पलंगावर पाय दुमडून बसलेला खरा मुलगा असतो. इथे भावहिंसा तर आहेच, पण जखमही खरी आहे. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा रक्त लाल न दाखवता हिरवे दाखवण्यात आले. जिभेसाठी असा सोपा रंगबदल कोणाला सापडलेला नाही.

शिव्या देतात कोण?

या प्रश्नाचा कसून शोध घेतला तो एका गेम कंपनीनेच. लॉस एंजेलिस येथील रायट गेम्सचा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा गेम २००९ मध्ये आला. पाच विरुद्ध पाच असा हा खेळ लवकरच जगभर पसरला आणि तितक्याच लवकर त्याची भाषेबद्दल अपकीर्ती झाली. नवे खेळाडू शिव्यांना कंटाळून निघून जाऊ लागले. हा धंद्याचा तोटा होता, आणि कंपनी जागी झाली ती त्यामुळे, हे व्यापारी वाचकाला सांगायला नको. जेफ्री लिन या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाच्या नेतृत्वाखाली कंपनीने खेळाडूंच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. समज असा होता की मूठभर दुष्ट लोक वातावरण नासवतात; त्यांना हाकलले की झाले. हिशेब निराळा निघाला. सातत्याने वाईट वागणारे खेळाडू सुमारे एक टक्का होते, आणि एकूण घाणेरड्या वर्तनातील त्यांचा वाटा सुमारे पाच टक्केच होता. उरलेले बहुतांश बोलणे सर्वसाधारण, एरवी नीट वागणाऱ्या लोकांचे होते. कोणाचा दिवस वाईट गेलेला असे, कोणी आधीच्या सामन्यात स्वतः शिव्या खाल्लेल्या असत. आदल्या सामन्यातला राग पुढच्या सामन्यात दुसऱ्याच कोणावर उतरत होता.

‘आमचा मुलगा तसा नाही’ या वाक्याला या आकड्यांनी आधारच ठेवलेला नाही. तसा नसलेलाच मुलगा बहुतेक वेळा बोलून जातो. ज्या घरात पालक मुलाला फक्त पीडित समजतात, तिथे अर्धी गोष्ट पाहिली जाते.

कंपनीने पुढे केलेले प्रयोगही लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला अगदी साधा होता. विरोधी तुकडीशी लेखी बोलण्याची सोय बंद केली नाही. फक्त ती आपोआप सुरू असायची, ती आपोआप बंद राहील अशी केली. ज्याला हवी त्याने एक बटण दाबून उघडावी. बोलण्याचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, पण वाईट बोलणे जवळजवळ एक तृतीयांशाने घटले आणि चांगले बोलणे साधारण तेवढेच वाढले. रागाच्या भरात सुटणाऱ्या शब्दाला एका बटणाचा उंबरठाही पुरला. दुसरा प्रयोग शिक्षेचा. पूर्वी कारण न सांगता खेळाडूला काही दिवस बाहेर ठेवले जाई. तो परत येई तेव्हा अधिकच चिडलेला असे. मग शिक्षेबरोबर कारण आणि त्याने वापरलेल्या शब्दांची नोंद त्याच्यासमोर ठेवण्यात येऊ लागली. सुधारून परतणाऱ्यांची संख्या वाढली. स्वतःचे शब्द थंड डोक्याने वाचणे हीच अनेकांना मोठी शिक्षा झाली असावी.

पेठेला ठाऊक असलेली गोष्ट

व्यापारी घराला यातील कार्यकारणभाव नव्याने शिकावा लागत नाही. भुसार पेठेत एखादा आडत्या गिऱ्हाइकाशी उर्मट बोलला तर ती गोष्ट संध्याकाळच्या चहापर्यंत दहा दुकानांत पोहोचते. उद्या त्याच माणसाकडून माल घ्यायचा असतो, परवा त्याच्याच घरच्या लग्नाला जायचे असते. पत जिभेवर चालते, म्हणून जीभ आवरली जाते. गेममध्ये नाव खोटे, चेहरा नाही, घराणे माहीत नाही, उधारी नाही, आणि त्या तिघांची पुन्हा गाठ पडण्याची शक्यताही नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये अशा निनावी, अदृश्य संभाषणात माणसाचा स्वतःवरील लगाम कसा सुटतो, याची मांडणी केली होती. पेठेच्या भाषेत सांगायचे तर तो पत नसलेला बाजार आहे.

गेम कंपन्यांनाही शेवटी पतच निर्माण करावी लागली. रायटने २०१२ मध्ये सामना संपल्यावर साथीदाराला सन्मान देण्याची सोय केली. ‘ओव्हरवॉच’ने २०१८ मध्ये चांगल्या वागणुकीची पावती देण्याची पद्धत आणली. ज्याला अधिक पावत्या, त्याचा दर्जा वर. जुनी हुंडी ज्या भरवशावर वटत असे, त्याच भरवशाची ही बालिश पण उपयोगी नक्कल म्हणता येईल.

घरात यावरून निघणारा पहिला उपाय बंदीचा नाही. मुलाने अनोळखी तिघांऐवजी ओळखीच्यांबरोबर खेळावे, हा आहे. मामेभाऊ, पाठशाळेतील मित्र, सोसायटीतील मुले यांची तुकडी असली की उद्या तोंड दाखवायचे असते, आणि भाषा बरीचशी आपोआप सावरते. अनोळखी लोकांशी खेळायचेच असेल तर माइक आणि समोरच्याचा आवाज पहिल्यापासून बंद ठेवावा. लागला तर उघडावा. शिवी आली तर उत्तर न देता त्या खेळाडूला म्यूट करावे आणि सामना संपल्यावर खरे कारण निवडून तक्रार नोंदवावी. हरल्याच्या रागाने केलेली तक्रार मात्र अभ्याख्यानातच जमा होते.

वेळेचा एक बारीक पेच जैन घरांपुरता वेगळा आहे. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी ताटावर यावे लागते आणि नेमक्या त्याच वेळी शाळा-क्लास आटोपून मुले खेळायला बसतात. अर्ध्या तासाच्या सामन्यात मध्येच थांबण्याची सोय नसते. आईने हाक मारून फोन काढून घेतला की तिकडे तीन जण एका साथीदाराला मुकतात आणि ‘पळून गेला’ म्हणून त्याला शिव्या देतात. इकडे मुलगा तोच राग ताटावर काढतो. म्हणून ‘पाच वाजता बंद’ असे सांगण्यापेक्षा ‘जेवणाआधी शेवटचा सामना इतक्या वाजता सुरू करायचा, त्यानंतर नवा नाही’ असे ठरवणे अधिक व्यवहार्य आहे. घड्याळापेक्षा सामना मोजावा.

पालकांच्या संमतीविषयीही थोडे. बीजीएमआयने अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांच्या मोबाइलवरील ओटीपीची अट सुरुवातीलाच घातली. गल्ल्यावर गिऱ्हाइकाची गर्दी असताना मुलाने फोन करून मागितलेला तो ओटीपी कित्येक वडिलांनी कशाचा आहे हे न विचारता सांगून टाकला असेल. जो माणूस चेकवर सही करण्याआधी तीनदा आकडा वाचतो, त्याने इथे एकदाही वाचले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला खरा, पण त्याची बंदी पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर आहे. शिव्यांचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

शिवी देणाऱ्याइतकेच गोड बोलणाऱ्याकडे लक्ष हवे. सगळे शिव्या देत असताना जो बाजू घेतो, तो मुलाला पटकन जवळचा वाटतो. मग ‘यूसी’ म्हणजे गेममधील चलन फुकट देण्याचे आमिष, खात्याचा पासवर्ड, एखादा ओटीपी, कधी छायाचित्राची मागणी. ज्या फोनवर दुकानाचे यूपीआय चालते तोच मुलाच्या हाती असेल तर धोका पेढीपर्यंत जातो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. धमकी, अश्लील बोलणे किंवा छायाचित्रांचा प्रकार असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा पोलिसांत तक्रार करता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. अशा वेळी संतापलेले पालक पहिल्यांदा गेमच काढून टाकतात आणि त्याबरोबर पुरावाही जातो. आधी स्क्रीनशॉट घ्यावेत, नाव आणि खेळाडू क्रमांक लिहून ठेवावा.

पण हे सारे घराला कळले तरच. शिव्या खाणारी मुले घरी सांगत नाहीत, याचे मोठे कारण म्हणजे सांगितले की फोन जातो, हे त्यांना माहीत असते. सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, एवढा शब्द पालकांनी आधी द्यावा आणि पाळावा. बाजारात दिलेला शब्द पाळणारे वडील घरातील हा शब्द मोडतात, तेव्हा मूल पुढच्या वेळी गप्प राहते.

आणि बोलणारा आपलाच मुलगा निघाला तर? आरडाओरडा करून फोन कपाटात ठेवणे ही कारण न सांगता दिलेली शिक्षा झाली. तिचा परिणाम वर आलाच आहे. रायटला जे फार प्रयोगांनंतर उमगले त्याची चौकट प्रतिक्रमणात आधीपासून आहे. वर्षाचे संवत्सरी प्रतिक्रमण आहेच, पण देवसी त्याच संध्याकाळचे असते. दोष ताजा असताना, मोघम नव्हे तर नाव घेऊन आठवायचा असतो. मुलाने जे वाक्य माइकमध्ये म्हटले तेच त्याला शांतपणे, एकांतात, वडिलांसमोर पुन्हा म्हणायला सांगावे. बहुतेक मुलांना ते म्हणवत नाही, आणि तिथून पुढचे बोलणे सोपे जाते.

संवत्सरीला प्रत्येक फोनवरून शेकडो तयार संदेश जातात, मुलांच्या फोनवरूनही. ज्या तीन अनोळखी साथीदारांना त्याने वर्षभरात कधीतरी तोडून बोलले, ते त्या यादीत नसतात. सामना संपल्यावर दोन शब्द टाइप करण्याची सोय मात्र गेममध्ये असते. ‘सॉरी भाई’ एवढेच लिहायचे असते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते स्थानकात सर्वांबरोबर म्हटलेल्या मिच्छामि दुक्कडंपेक्षा कितीतरी जड जाते.