स्कॉटलंडचे हरीण आणि गोळीची निवड

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलँड्स या डोंगराळ मुलखात तांबड्या हरणांचे मोठे कळप राहतात. आपल्या काश्मीरचा हंगूल हा त्यांचा निकटचा आप्त. त्यांना आवर घालणारा लांडगा त्या भूमीतून काही शतकांपूर्वीच नामशेष झाला, आणि नैसर्गिक शत्रू उरला नाही तेव्हा वाढत गेलेले हे कळप रानातील रोपे वर येताच खुडू लागले. परिणामी त्यांची संख्या मर्यादेत ठेवण्याचे काम बंदुकीकडे आले. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, तो यथायोग्यच होता. परंतु जेथे हरीण मारणे हेच वनरक्षणाचे एक अंग होऊन बसले आहे, तेथे ते कोणत्या काडतुसाने मारावे हा प्रश्न मुख्यतः दयाबुद्धीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅलिबर म्हणजे स्थूलमानाने रायफलीच्या नळीच्या पोकळीचा व्यास. तो इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. नवखा माणूस या आकड्यालाच भुलतो आणि व्यास जितका मोठा तितके काम चोख असे समजून चालतो. वास्तविक गोळीचे बळ तिच्या वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सडपातळ पण वेगवान गोळी जाड्या, मंद गोळीला सहज मागे टाकू शकते. स्कॉटलंडच्या 1985 च्या सरकारी हुकुमात याच कारणास्तव व्यासाचा आग्रह न धरता तीन गोष्टी ठरवून दिल्या होत्या : तांबड्या हरणासाठी गोळी किमान 100 ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅमची असावी, नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला 2450 फुटांहून कमी नसावा, आणि तिची ऊर्जा किमान 1750 फूट-पौंड भरावी. रो नावाचे हरीण आपल्या भेकराएवढे लहान. त्याच्यासाठी 50 ग्रेन आणि 1000 फूट-पौंडांची मुभा दिली. शेजारच्या इंग्लंडने मात्र 1991 च्या कायद्यात व्यासाचीही अट ठेवली असून तेथे सर्वसाधारण हरणासाठी किमान 0.240 इंच व्यास आणि 1700 फूट-पौंड ऊर्जा लागते.

या मर्यादेत बसणारी काडतुसे पुष्कळ आहेत. 1955 साली निघालेले .243 विंचेस्टर खांद्याला फार धक्का देत नाही, म्हणून नेम शांतपणे धरता येतो. 1925 चे .270 आणि 1952 चे .308 त्याहून बलवान. आणि 1894 पासून चालत आलेले 6.5×55 हे स्वीडिश काडतूस सौम्य धक्क्याचे असूनही गोळी लांबट असल्यामुळे शरीरात खोलवर पोचते. धक्क्याच्या भीतीने घोडा ओढताना डोळे मिटणाऱ्या माणसाने .308 घेऊन मिरवण्यापेक्षा .243 घेऊन सराव करावा, हे हरणाच्या दृष्टीने शतपटीने हितावह आहे.

परंतु खरी मेख आहे ती गोळीच्या घडणीत. पूर्ण तांब्याच्या कवचात बंद असलेली लष्करी गोळी मांसातून सरळ आरपार जाते, आणि बारीक छिद्र घेऊन पळालेले जनावर मैल दीड मैलावर जाऊन तडफडत मरते. शिकारीच्या गोळीचे टोक उघड्या शिशाचे किंवा पोकळ असते. ते आत शिरताच भूछत्राप्रमाणे फुलते, गोळीचा व्यास जवळजवळ दुप्पट होतो आणि फुप्फुसे एकदम निकामी होतात. या कल्पनेचा इतिहास आपल्या भूमीशी निगडित आहे : कलकत्त्यानजीकच्या दमदम येथील शस्त्रागारात 1890 नंतरच्या दशकात अशी उघड्या टोकाची गोळी सैन्यासाठी तयार झाली, आणि तिने होणाऱ्या जखमा पाहून 1899 च्या हेग परिषदेने युद्धात तिचा वापर निषिद्ध ठरवला. माणसावर जी चालवणे क्रौर्याचे म्हणून वर्ज्य झाले, तीच हरणावर चालवणे ब्रिटनचे हरीणविषयक कायदे सक्तीचे करतात. कारण सैनिकाला जायबंदी केल्याने युद्धाचे काम भागते, हरणाचा मात्र प्राण तत्काळ जावा लागतो.

तथापि उत्तम गोळीही योग्य ठिकाणी लागली तरच उपयोगाची. जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या लगतच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास नेम धरावा. तेथे हृदय आणि फुप्फुसे दोन्ही सापडतात. बार झाल्यावर हरीण धावले, तर जाणता शिकारी जमिनीवरचे रक्त आधी पाहतो : ते तांबडे लाल आणि बुडबुड्यांचे असेल तर गोळी फुप्फुसाला लागली, काळपट असून त्यात चघळलेला हिरवा चारा दिसेल तर ती पोटात गेली, आणि अशा वेळी घाईने मागे न धावता काही काळ थांबून माग काढणे श्रेयस्कर.

शिशाचे सूक्ष्म कण मांसात मिसळतात व जनावरांची आतडी खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात, हे लक्षात आल्यापासून निव्वळ तांब्याच्या गोळ्यांचा प्रसार होत आहे. तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि .243 च्या पुष्कळ जुन्या नळ्या ती स्थिर फिरवू शकत नाहीत. ही अडचण जाणून स्कॉटलंडने 2023 साली 100 ग्रेनची मर्यादा 80 वर आणली. शिशाकडून तांब्याकडे वळणाऱ्याने मात्र एक दक्षता घ्यावी. त्याच रायफलीतून दुसऱ्या बनावटीचे काडतूस निराळ्या जागी लागते, म्हणून नव्या काडतुसांनी आधी कागदी निशाणावर गोळ्या झाडून दुर्बिणीचा नेम नव्याने जुळवून घ्यावा, आणि मगच डोंगर चढावा.