संगणकावरचे टपाल अडते तेव्हा

पेढीवर पोस्टमन आता क्वचितच येतो. मालाची मागणी, भावाची विचारणा, बँकेचे सूचनापत्र, करसल्लागाराचा निरोप हे सारे ई-मेलने येते आणि भेटीगाठींची नोंद कॅलेंडरमध्ये होते. त्यामुळे एखाद्या सकाळी आउटलुक उघडेनासे झाले, की दुकान उघडे असूनही व्यवहार खोळंबतो. तंत्रज्ञाला फोन केला तर तो येईपर्यंत दिवस मावळतो. वस्तुतः नेहमीच्या अडचणी मोजक्याच असून त्यांतील पुष्कळशा घरच्या माणसालाही दूर करता येतात.

पत्र आउटबॉक्समध्ये अडकून पडणे ही त्यांतील अगदी नित्याची तक्रार. प्रथम पडद्याच्या तळाशी पाहावे. तेथे ‘वर्किंग ऑफलाइन’ ही अक्षरे दिसली तर दोष इंटरनेटचा नव्हे. ‘सेंड/रिसीव्ह’मधील ‘वर्क ऑफलाइन’ हे बटण कोणाच्या तरी हातून दाबले गेले आहे. ते पुन्हा दाबावे. तसे नसेल तर जोडलेल्या फाइलींचा आकार तपासावा. जीमेलवर एका पत्रासोबत २५ एमबीपर्यंतच फाइली पाठवता येतात आणि मालाची दहा-बारा छायाचित्रे ही मर्यादा सहज ओलांडतात. अशी छायाचित्रे ड्राइव्हवर ठेवून केवळ दुवा पाठवावा. आउटबॉक्समधील पत्र उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. उघडताच त्याची तिरपी अक्षरे सरळ होतात व ते रांगेतून बाहेर पडते. पुन्हा ‘सेंड’ दाबल्यावाचून ते जात नाही.

आउटलुक सुरू होतानाच थबकत असेल, तर कंट्रोल ही कळ दाबून धरून त्याच्या चिन्हावर टिचकी द्यावी. ‘सेफ मोड’ हवा का, असा प्रश्न येतो. त्या रीतीने ते सुरळीत उघडले, तर दोष बहुधा एखाद्या ‘अ‍ॅड-इन’चा, म्हणजे बाहेरून जोडलेल्या पुरवणी प्रणालीचा असतो. ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन अशा पुरवण्या एकेक बंद करीत गेले की दोषी सापडतो. ही युक्ती जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकची. नव्याची रचना वेगळी आहे.

आता ज्याकडे व्यापाऱ्याने सर्वाधिक लक्ष द्यावे, ती गोष्ट. आपली पत्रे प्रत्यक्षात कोठे साठतात, हे अनेकांना ठाऊकच नसते. खाते ‘पॉप’ पद्धतीचे असेल तर पत्रे सर्व्हरवरून उतरून त्या एकाच संगणकावरील पीएसटी फाइलीत येतात. सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर ती फाइल हीच एकमेव चोपडी. संगणक बिघडला की कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार गेला. ‘आयमॅप’ किंवा एक्स्चेंज खात्यात मूळ पत्रे सर्व्हरवर असतात आणि संगणकावरील ओएसटी फाइल ही तिची नक्कल. ती बिघडली तरी पुन्हा तयार होते. मात्र आयमॅप खात्यातील ज्या कॅलेंडरापुढे ‘धिस कंप्यूटर ओन्ली’ असे लिहिलेले असते, ते केवळ त्या संगणकावरच असते. लॅपटॉपवर टिपलेली भेट मोबाइलवर का दिसत नाही, याचे उत्तर बहुधा याच तीन शब्दांत सापडते. म्हणून ओएसटी फाइल काढून टाकण्यापूर्वी त्या कॅलेंडराची प्रत बाहेर काढून ठेवावी.

पीएसटी फाइल अमर्याद वाढू देऊ नये. आउटलुक २००३ व २००७ मध्ये तिची मर्यादा २० जीबी होती, २०१० पासून ती ५० जीबी आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधीच काम संथ होऊ लागते. जुन्या वर्षांची पत्रे निराळ्या फाइलीत हलवावीत, जशी जुनी चोपडी फडताळात जाते. फाइल बिघडलीच, तर ऑफिससोबत येणारी ‘स्कॅनपीएसटी’ ही दुरुस्तीची प्रणाली उपयोगी पडते. आधी आउटलुक बंद करावे, फाइलीची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि मगच दुरुस्ती सुरू करावी. कधी ती दोन-तीनदा चालवावी लागते.

कॅलेंडरातील गोंधळ बहुतांशी वेळेच्या पट्ट्याचा असतो. अँटवर्पचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेचार तास, तर उन्हाळ्यात साडेतीन तास असते. हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दुबईत तसा बदल नाही, ती बारमाही दीड तास मागे. संगणकाचा पट्टा चुकीचा असेल, तर साऱ्या भेटी एकदम सरकलेल्या दिसतात. त्या एकेक दुरुस्त करीत बसण्याऐवजी विंडोजमधील पट्टा आधी पाहावा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी जीएसटीआर-१ साठी ११ आणि जीएसटीआर-३बी साठी २० या तारखांची मासिक आवर्तने लावावीत. चोपडीपूजन वा संवत्सरीसाठी मात्र वार्षिक आवर्तन लावू नये. ते इंग्रजी तारखेने फिरते, तिथी ते जाणत नाही; या नोंदी दरवर्षी पंचांग पाहून नव्यानेच कराव्यात.

एक अडचण मात्र बिघाड वाटते, पण बिघाड नसते. ठरावीक ग्राहकाची पत्रे येणे अचानक थांबते, अथवा न वाचताच ती ‘वाचलेली’ दिसतात. अशा वेळी आउटलुकमधील ‘रूल्स’ आणि जीमेलमधील ‘फिल्टर्स’ व ‘फॉरवर्डिंग’ ही ठिकाणे ताबडतोब तपासावीत. खात्याचा पासवर्ड हाती लागलेला चोर तेथे गुपचूप नियम लावतो, पत्रे स्वतःकडे वळवतो आणि रक्कम देण्याच्या ऐन वेळी बँक खाते बदलल्याचे पत्र धाडतो. पत्त्यात एखादेच अक्षर निराळे असते. अनोळखी नियम दिसल्यास त्याचे छायाचित्र घेऊन तो काढावा, पासवर्ड बदलावा, दुपदरी पडताळणी सुरू करावी आणि सर्व उपकरणांवरून खाते ‘साइन आउट’ करावे. खाते बदलल्याचे कोणतेही पत्र आले, तर त्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून विचारावे. पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाते.