ताओ विचारातील ‘वू-वेई’ आणि शरीरसाधना : दैनंदिन जीवनातील उपयोजन

प्रस्तावना

चीनच्या हुनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इ. स. १९७३ साली एका प्राचीन थडग्याचे उत्खनन झाले. इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या या थडग्यात रेशमी वस्त्रांवर लिहिलेला मोठा ग्रंथसंग्रह मिळाला. लाओत्सेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘ताओ-ते-चिंग’ या ग्रंथाच्या दोन प्रती त्यात होत्या. त्याच थडग्यात एक रंगीत रेशमी पटही होता. त्यावर निरनिराळ्या शारीरिक हालचाली करणाऱ्या ४४ मानवी आकृती चितारलेल्या आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत आणि वृद्धही आहेत. कोणी हात उंचावले आहेत, कोणी कमरेतून वाकले आहे, तर कोणाच्या हाती काठी आहे. काही आकृतींशेजारी अस्वल, बगळा अशा प्राण्यांची नावे लिहिलेली आहेत.

तत्त्वचिंतनाचा ग्रंथ आणि व्यायामाचा पट एकाच व्यक्तीच्या संग्रहात असणे ही बाब अर्थपूर्ण आहे. आज मात्र या दोहोंची ताटातूट झालेली दिसते. लाओत्से व च्वांगत्से यांचा अभ्यास तत्त्वज्ञानाच्या वर्गात होतो आणि ताई ची, छीकुंग इत्यादी प्रकार आरोग्यवर्धक व्यायाम म्हणून शिकविले जातात. प्रस्तुत लेखात या दोन अंगांचा परस्परसंबंध तपासून दैनंदिन जीवनात त्यांचे उपयोजन कोणत्या अर्थाने शक्य आहे, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. ताओ परंपरेतील शरीरसाधना ही शक्ती मिळविण्याची नसून अनावश्यक शक्ती खर्च न करण्याची साधना आहे, आणि हे सूत्र सुटले की त्या साधनेचे स्वरूपच पालटते, अशी लेखाची भूमिका आहे.

‘ताओ’ आणि ‘वू-वेई’ : अर्थनिश्चिती

‘ताओ’ या शब्दाचा साधा अर्थ वाट किंवा मार्ग असा आहे. या शब्दाचे संस्कृत भाषांतर कसे करावे, यावरून सातव्या शतकात घडलेला एक वाद उद्बोधक आहे. कामरूपचा राजा भास्करवर्मा याने लाओत्सेच्या ग्रंथाविषयी इच्छा प्रकट केल्यावरून इ. स. ६४७ च्या सुमारास थांग सम्राटाने संस्कृत भाषांतराचे काम भारतातून परतलेल्या ह्युएन त्संगकडे सोपविले. ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द योजावा, असा ताओमताच्या पंडितांचा आग्रह होता. ह्युएन त्संगने तो अमान्य करून ‘मार्ग’ या शब्दाचा पुरस्कार केला. त्याची कारणे बौद्ध पारिभाषिक शिस्तीची होती. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची निवड योग्यच वाटते. बोध मनाला होतो, मार्ग मात्र पायांनी चालावा लागतो.

‘वू-वेई’ या पदाच्या बाबतीत गैरसमज अधिक आहेत. ‘वू’ म्हणजे नसणे आणि ‘वेई’ म्हणजे करणे, एवढ्यावरून त्याचे भाषांतर ‘निष्क्रियता’ असे केले जाते. गीतेतील नैष्कर्म्याशीही त्याची तुलना करण्याचा मोह होतो. तथापि गीतेचा भर फलासक्तीच्या त्यागावर आहे, तर ‘वू-वेई’चा भर वस्तूच्या अंगभूत रचनेशी न झगडण्यावर आहे. हे दोन विचार शेजारी ठेवता येतात, परंतु एकरूप मानता येत नाहीत.

च्वांगत्सेच्या ग्रंथातील तिसऱ्या प्रकरणात तिंग नावाच्या आचाऱ्याची कथा येते. तो एका राजासमोर बैलाचे मांस कापत असतो. सामान्य आचारी हाडांवर घाव घालतो, म्हणून त्याला दरमहा नवी सुरी लागते. चांगला आचारी मांस कापतो, म्हणून त्याला ती दरवर्षी बदलावी लागते. तिंगची सुरी एकोणीस वर्षे वापरात असूनही नुकतीच धार लावल्यासारखी आहे, कारण तो सांध्यांमधील मोकळ्या जागेतूनच ती फिरवतो. कथेचा एवढा भाग बहुतेकांना माहीत असतो. त्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. गुंतागुंतीचा सांधा आला की तिंग थबकतो, सावध होतो, नजर स्थिर करतो, हालचाल मंद करतो आणि अगदी किंचित सुरी हलवतो. म्हणजे सहजता आणि बेफिकिरी या भिन्न गोष्टी आहेत. कोठे थबकावे, याचे ज्ञानही ‘वू-वेई’मध्ये अंतर्भूत आहे. हे ऐकून राजा म्हणतो की आपल्याला जीवनाचे पोषण कसे करावे हे समजले. प्रकरणाचा विषयही ‘जीवनाचे पोषण’ हाच आहे.

शरीरसाधनेची परंपरा

अशा हालचालींना प्राचीन काळी ‘दाओयिन’ म्हणत. ‘दाओ’ म्हणजे येथे दिशा देणे आणि ‘यिन’ म्हणजे ताणणे. (हा ‘दाओ’ आणि ‘ताओ’ हे वेगवेगळे शब्द आहेत.) हूबेई प्रांतातील चांगज्याशान येथे इ. स. १९८३-८४ मधील उत्खननात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला ‘यिनशू’ हा दाओयिनविषयक ग्रंथ मिळाला. हे थडगे इ. स. पूर्व १८६ च्या सुमाराचे आहे. ग्रंथात ऋतुमानानुसार दिनचर्या, विशिष्ट दुखण्यांवरील हालचाली आणि रोगाच्या कारणांची मीमांसा आहे. श्रीमंत माणसे हर्ष व क्रोध यांचा तोल सांभाळत नाहीत म्हणून आजारी पडतात, तर गरीब माणसे अतिश्रम, भूक व तहान यांमुळे आजारी पडतात, असा भेद तेथे केलेला आहे. बावीसशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या अनेक आरोग्यपुस्तकांत आढळत नाही. ज्याला दिवसभर ओझी वाहावी लागतात त्याला ‘प्रवाहाबरोबर राहा’ असा उपदेश करणे निरर्थक आहे. त्याला विश्रांती आणि अन्न यांची गरज असते.

पुढे हुआ थुओ या वैद्याचे नाव या परंपरेशी जोडले गेले. त्याचा मृत्यू इ. स. २०८ मध्ये झाला. वाघ, हरीण, अस्वल, वानर व पक्षी यांच्या हालचालींवर आधारित ‘पाच प्राण्यांचे खेळ’ त्याने आपल्या शिष्याला सांगितल्याचा उल्लेख इतिहासग्रंथांत आहे. हालणाऱ्या दाराच्या खुंटाला कीड लागत नाही, असा दृष्टान्त त्याने दिला होता. शरीराला श्रम हवेत, पण ते टोकाला जाऊ नयेत, असे त्याचे मत होते. शिष्य वू फू नव्वदी ओलांडूनही तीक्ष्ण श्रवण, दृष्टी व मजबूत दात राखून होता, असे तेच ग्रंथ सांगतात.

परंपरेतील अंतर्गत टीका

येथे एका अडचणीचा विचार आवश्यक आहे. च्वांगत्सेच्या पंधराव्या प्रकरणात श्वासाचे व्यायाम करणाऱ्यांचा आणि अस्वलासारखे झुलून पक्ष्यासारखे अंग ताणणाऱ्यांचा उल्लेख येतो, परंतु तो गौरवाने येत नाही. दीर्घायुष्याच्या हव्यासाने असे करणाऱ्यांना तेथे खालचे स्थान दिले असून दाओयिनवाचून दीर्घायुषी होणारा ज्ञानी श्रेष्ठ ठरविला आहे. म्हणजे मावांगदुईच्या पटावर जे चितारले आहे त्याचीच ही टीका आहे. ज्याच्या थडग्यात हा पट मिळाला ती व्यक्ती सुमारे तिशीतच मरण पावली होती, हा योगायोगही विसरता येत नाही.

ही टीका साधनेवर आहे की साधनेमागील हव्यासावर? लेखकाच्या मते ती हव्यासावर आहे. त्याच ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात खऱ्या माणसाचा श्वास टाचांपर्यंत पोहोचतो आणि इतरांचा गळ्यातच राहतो, असे म्हटले आहे. देह आणि ज्ञान दोन्ही सोडून देणाऱ्या ‘बसून विसरण्या’चे वर्णनही तेथेच येते. देहाविषयी अनास्था असलेल्या ग्रंथात श्वास टाचेपर्यंत गेला नसता. हव्यासाचे परिणाम मात्र इतिहासाने पाहिले. अमरत्वासाठी पारा व इतर विषारी द्रव्ये असलेली रसायने घेतली गेली आणि थांग वंशातील काही सम्राटांचे मृत्यू त्यामुळेच ओढवले. आयुष्य वाढविण्याच्या धडपडीने आयुष्य तोडले.

दैनंदिन जीवनातील उपयोजन

ज्ञानार्जनात रोज काही भर पडते आणि ताओच्या मार्गावर रोज काही कमी होते, असा एक विचार ‘ताओ-ते-चिंग’मध्ये आहे. दैनंदिन उपयोजनाचा आरंभ येथूनच करणे इष्ट होय. आधीच भरलेल्या दिनक्रमात आणखी एका व्यायामाची भर घालण्याऐवजी चालू असलेल्या क्रियांमधील जादा जोर शोधावा.

त्यासाठी उभे राहण्याची साधना सर्वांत सोपी आहे. चिनी भाषेत तिला ‘चान-चुआंग’ म्हणजे खांबाप्रमाणे उभे राहणे म्हणतात. तिचे आजचे स्वरूप मुख्यत्वे विसाव्या शतकातील वांग श्यांगचाय या शिक्षकामुळे रूढ झाले. पावले खांद्यांइतक्या अंतरावर समांतर ठेवावीत. गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल सोडावेत. मस्तक वरून धाग्याने उचलले आहे अशी कल्पना करावी, खांदे खाली सोडावेत, जिभेचे टोक टाळूला हलकेच टेकवावे आणि दोन्ही हात छातीसमोर मोठा चेंडू धरल्याप्रमाणे गोल ठेवावेत. लक्ष नाभीखाली सुमारे तीन बोटांवरील ‘दान-त्येन’ या स्थानी ठेवावे. श्वास रोखू नये, लांबवूही नये. प्रारंभी दोन-तीन मिनिटे पुरेशी आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला येथे काहीच घडताना दिसत नाही. उभ्या असलेल्या व्यक्तीला मात्र मिनिटभरातच कळते की हात धरून ठेवण्यासाठी खांदे, मान, जबडा आणि कपाळही राबत आहे. हात उचलण्यासाठी कपाळाला आठ्या घालण्याची काहीच गरज नसते. हा जादा जोर ओळखून सोडणे, याला ताई चीच्या परिभाषेत ‘सुंग’ म्हणतात. ‘सुंग’ म्हणजे गळून पडणे नव्हे. कणा उभा असतो, पाय भार पेलत असतात, फक्त आगंतुक ताण निघून जातो. ‘वू-वेई’ ही संकल्पना शब्दांनी समजावण्यापेक्षा या अनुभवातून लवकर स्पष्ट होते.

हीच दृष्टी इतर कामांकडे नेता येते. लेखणी किती घट्ट धरली आहे, जिना चढताना खांदे का उचलले जातात, संगणकासमोर बसल्यावर श्वास कोठे अडतो, समोरच्याचे बोलणे पूर्ण होण्याआधीच उत्तरासाठी जबडा कसा आवळला जातो, हे पाहता येते. शेवटचे उदाहरण तिंगच्या कथेतील कठीण सांध्याचे आहे. वादाच्या प्रसंगी माघार घेणे किंवा गप्प बसणे म्हणजे ‘वू-वेई’ असे मानले जाते. तिंग मात्र सांधा टाळत नाही, तो तेथे मंद होतो. अन्यायाला विरोध करावयाचा असेल तर तो करावाच, मात्र हाडावर घाव घालून सुरी बोथट करू नये.

या निरीक्षणालाही कामगिरीचे रूप येऊ शकते. किती मिनिटे उभे राहिलो, मन किती शांत झाले, याचा हिशेब सुरू झाला की पंधराव्या प्रकरणातील टीका आपल्यालाच लागू होते. सहजतेसाठी प्रयत्न करावा लागतो, हा विरोधाभास ताओ परंपरेने कधीच पूर्णपणे सोडविलेला नाही, आणि तो सोडविल्याचा दावा करणाऱ्या मार्गदर्शकाविषयी सावध असावे.

आधुनिक स्वरूप व मर्यादा

आज प्रचलित असलेले सर्व प्रकार प्राचीन नाहीत. ‘छीकुंग’ हे नाव या साधनांसाठी विसाव्या शतकाच्या मध्यास ल्यू क्वेईचन यांच्या उपचारकार्यातून रूढ झाले. ताई चीचा ऐतिहासिक माग हनान प्रांतातील छन कुटुंबाच्या गावी सतराव्या शतकापर्यंत लागतो. वूतांग पर्वतावरील चांग सानफंग या ताओ साधूने ती निर्माण केल्याची कथा आख्यायिकेच्या स्वरूपाची आहे. सर्वत्र शिकविला जाणारा २४ हालचालींचा संक्षिप्त क्रम चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली तयार केला. २०२० साली युनेस्कोने ताई चीचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

वैद्यकीय संशोधनापैकी २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. सौम्य ते मध्यम स्वरूपाचा पार्किन्सन आजार असलेल्या १९५ रुग्णांचे तीन गट करून त्यांना २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अनुक्रमे ताई ची, स्नायूंच्या बळाचे व्यायाम आणि ताणाचे व्यायाम देण्यात आले. शरीराचा तोल राखण्यात ताई चीचा गट इतर दोन्ही गटांपेक्षा सरस ठरला. पडण्याचे प्रमाण मात्र ताणाच्या व्यायामांच्या तुलनेतच स्पष्टपणे कमी आढळले, बळाच्या व्यायामांच्या तुलनेत नाही. या अभ्यासातून तोलाविषयी निष्कर्ष निघतो. ‘ची’ नावाची शक्ती त्यातून सिद्ध होत नाही आणि आजार बरा होतो असेही त्यात म्हटलेले नाही. म्हणून अशा रुग्णाने औषधे चालू ठेवूनच ही साधना करावी. उभे राहताना चक्कर आल्यास लगेच बसावे, गुडघ्याचे दुखणे असल्यास गुडघे कमी वाकवावेत आणि ज्यांना उभे राहणे शक्य नाही त्यांनी खुर्चीच्या पुढच्या कडेवर पावले जमिनीला पूर्ण टेकवून बसावे.