दातांची तार आणि घरची निगा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्तीतील शाळकरी मुलामुलींच्या दातांवर तार दिसू लागली आहे. आमच्या लहानपणी दात पुढे असले किंवा एकावर एक चढलेले असले, तर ती जन्माची ठेवण समजून घरचे गप्प बसत. आता आईवडील चार पैसे बाजूला टाकून मुलांना तार बसवून घेतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र तार बसविण्याचे काम डॉक्टरांकडे एका बैठकीत होते. ती दीड-दोन वर्षे सांभाळण्याचे काम घरच्यांचे असते. डॉक्टर सूचना देतात तेव्हा मूल घाबरलेले असते, वडील पैशाचा हिशेब करीत असतात आणि आईला परतीच्या एस.टी.ची घाई असते. म्हणून त्या सूचना येथे सविस्तर मांडीत आहोत.

दातांची निगा हा विषय धम्माला परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण करण्याची अनुज्ञा दिली आहे आणि तिचे पाच लाभ सांगितले आहेत. डोळ्यांना हितकर, तोंडाला दुर्गंधी न येणे, जिभेची चव शुद्ध राहणे, अन्नावर कफ-पित्ताचे आवरण न चढणे आणि अन्न रुचणे असे ते पाच लाभ. दातवणाची काडी आठ अंगुळांहून लांब आणि चार अंगुळांहून आखूड नसावी, असाही नियम आहे. काही भिक्खू लांब काडीने श्रामणेरांना मारीत आणि एका भिक्खूच्या घशात आखूड काडी अडकली, म्हणून हा नियम झाला. इतक्या बारीक गोष्टीकडे तेथे लक्ष होते!

आता तारेचे काम कसे चालते ते पाहू. प्रत्येक दातावर एक लहान बटण चिकटवितात, त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्यांच्या खाचांतून तार ओवतात आणि बारीक रबरी कड्यांनी ती बांधतात. तार दाताला सतत हलका दाब देते. दात ज्या बाजूला ढकलला जातो त्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवे हाड भरते. हाड बनायला वेळ लागतो, म्हणून घाई करून चालत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी डॉक्टर तार बदलतात किंवा आवळतात.

तार बसविल्यावर काही तासांनी दात ठणकू लागतात. दुसऱ्या दिवशी दुखणे सर्वांत जास्त असते आणि आठवडाभरात बहुतेक ओसरते. या दिवसांत मऊ भात-वरण, खिचडी, आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, केळे असे अन्न द्यावे. फार दुखल्यास डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितल्या मापानेच द्यावी. दाताशी लवंग किंवा तंबाखू धरण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात, तो ऐकू नये. ब्रॅकेट घासून गालाला आतून फोड येतात. त्यासाठी कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात आणि डॉक्टरांनी दिलेले मेण वाटाण्याएवढे घेऊन, ब्रॅकेट पुसून कोरडे करून त्यावर दाबून बसवावे. मेणाची डबी दप्तरात असू द्यावी.

खाण्याच्या बाबतीत आपल्या भागात मोहाची ठिकाणे फार. ऊस, फुटाणे, चिक्की, सुपारी, भाजलेले मक्याचे कणीस, टणक पेरू यांनी ब्रॅकेट निघते. चिंच-गूळ आणि चॉकलेट तारेत चिकटून बसतात. याचा अर्थ मुलाने उपाशी राहावे असा नाही. पेरूच्या बारीक फोडी कराव्यात, कणसाचे दाणे काढून उकडून द्यावेत, कडक भाकरी कालवणात भिजवावी. शेंगदाणे कूट करून चालतात. पेन्सिल चावण्याची सवय मात्र त्या दिवसापासून बंद करावी. हळदीबद्दल विचारणा होते. आपल्या वसमतचे नाव हळदीमुळेच सर्वदूर आहे आणि ती कालवणात पडणारच. पारदर्शक रबरी कडी तिने पिवळी पडते, पण त्यात अपाय काही नाही. पुढच्या खेपेस कडी बदलली जाते. पिवळेपणा टाळायचा असेल तर डॉक्टरांना गडद रंगाची कडी मागावी.

खरा धोका वेगळा आहे. ब्रॅकेटच्या कडेला अन्नाचे कण आणि चिकट थर साचतो. त्यातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दाताचे कवच झिजवितात. दुर्लक्ष झाले तर महिनाभरातही पांढरे डाग उमटू शकतात. दोन वर्षांनी तार निघते तेव्हा दात सरळ असतात, पण प्रत्येकावर ब्रॅकेटभोवती पांढरी चौकट राहते. म्हणून प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरावी. ब्रश तिरपा धरून आधी तारेच्या वर, हिरडीलगत, मग तारेच्या खाली आणि शेवटी दातांच्या आतल्या बाजूने फिरवावा. तारेखालून जाणारा लहान गोल ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. राखुंडी, खरबरीत मंजन आणि मिसरी यांचा येथे उपयोग नाही, उलट अपाय आहे. रात्रीचे घासणे तर कधीच चुकवू नये. वसतिगृहातील विद्यार्थ्यांना दुपारी नळावर ब्रश करण्याची लाज वाटते असे ऐकतो. निदान खळखळून चुळा तरी भराव्यात.

आमच्या घरातील एक अनुभव सांगतो. आमच्या पुतण्याने मकरसंक्रांतीच्या सुमारास दाताने ऊस सोलला आणि एक ब्रॅकेट निघाले. एवढा खर्च केला, आता मार बसेल, या भीतीने त्याने दोन महिने कोणाला सांगितले नाही. जिभेने ते जागेवर दाबून धरून तो आमच्याशी बोलत असे. तेवढ्यात तो दात पुन्हा वळला आणि उपचार कित्येक महिने लांबला. चूक त्याची होती, तशी आमचीही होती. तार बसली त्या दिवसापासून "मोडलीस तर बघ" एवढेच आम्ही त्याला बजावत होतो. ब्रॅकेट निघाले तर मुलाने त्याच दिवशी सांगावे, इतका विश्वास घरात हवा. निघालेला तुकडा डबीत ठेवून डॉक्टरांना फोन करावा. तारेचे टोक टोचत असेल तर पेन्सिलीच्या स्वच्छ रबराने हलकेच आत दाबावे किंवा मेण लावावे. घरच्या पकडीने तार कापू नये. तुकडा गिळला गेला तर डॉक्टरांना कळवावे. ठसका थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल तर तत्काळ दवाखाना गाठावा.

तारेचा तज्ज्ञ गावोगाव नसतो. सेनगाव किंवा औंढ्याकडील पालकांना अनेकदा नांदेड वा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि खर्चाच्या दृष्टीने तेथे चौकशी करणे योग्य ठरते. मिलिंद महाविद्यालयामुळे त्या शहराची वाट आपल्या मागच्या पिढीला पाठ आहेच. अडचण येते ती तारखांची. सोयाबीनच्या काढणीत मजुरी बुडवून कोण जाणार, म्हणून खेप चुकते. दोन चुकल्या की पुढे जाण्याचा संकोच वाटतो आणि तार तशीच तोंडात राहते. लक्ष न ठेवलेली तार दात भलतीकडे नेऊ शकते. तेव्हा तारीख चुकणार असेल तर आधी कळवून दुसरी घ्यावी, आणि उशीर झाला तरी जावे. एकाच गावातील दोन-तीन मुलांनी एकच दिवस मागून घेतला तर एका पालकाच्या सोबतीने सर्वांचे काम होते.

तार निघाल्यावर दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यासाठी रिटेनर देतात. तो डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरावा, थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. काढून ठेवायचा तो नेहमी त्याच्या डबीतच. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातो, आणि मग रात्री बॅटरी घेऊन सगळे घर तो शोधत बसते.