आधी डोळे, मग नाक, मग कान



फराळ झाला असेल आणि चहाचा कप हातात असेल, तर एका बिघडलेल्या यंत्राची गोष्ट सांगतो. हे यंत्र गिटारचं आहे, म्हणून घरातल्या तरुण मंडळींनाही जवळ बसवा. आणि आजी-आजोबा सुट्टीसाठी दोह्यात आले असतील, तर त्यांना तर नक्कीच. कारण गोष्टीतलं अर्धं ज्ञान त्यांच्या काळातलं आहे.

दोह्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. दर जूनमध्ये ओळखीतलं कुणीतरी कायमचं निघतं आणि त्यांचं अर्धं घर बाकीच्यांच्या घरांत जाऊन बसतं. आमच्याकडे असाच एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आला. अमेरिकी बनावटीचा, १९७०च्या दशकातला, फक्त पाच वॅटचा, मागून बघितलं तर तीन काचेच्या नळ्या. माझी लेक दहावीत आहे आणि गिटार वाजवते. तिला तो आवाज इतका आवडला, की महिनाभर घरात दुसरं काही ऐकू आलं नाही.

मग एका रात्री गाणं थांबलं तरी यंत्र घुमतच राहिलं. पाठोपाठ गरम मेणासारखा वास आला. "बाबा, मधली नळी लाल झालीय!" ती ओरडली, आणि तिनेच आधी स्विच बंद केला. त्या एका स्विचने यंत्र वाचलं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी मात्र आपण सगळे म्हणतो तेच म्हणालो, "जुनं झालंय. टाकून दे, नवीन डिजिटल घेऊ."

ती काही बोलली नाही. तिने मागची पट्टी काढून टॉर्च मारला, आणि मी आत डोकावून थबकलो. या नळ्या माझ्या ओळखीच्या होत्या.

काकांचं दुकान

माझे काका सांगलीला रेडिओ दुरुस्त करायचे. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात बसायचो. तेव्हा ट्रान्झिस्टर आणि टीव्ही येऊन बराच काळ झाला होता, तरी माळ्यावरचे व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्तीला यायचे. मर्फी, फिलिप्स, बुश. बटण फिरवलं की लगेच काही व्हायचं नाही. आधी नळ्यांत नारिंगी उजेड यायचा, मग हिरवा 'डोळा' उघडायचा आणि अर्ध्या मिनिटाने माणूस बोलायला लागायचा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हचे रिकामे खोके काका स्क्रू ठेवायला वापरत.

मुलांसाठी एक गंमत सांगतो. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि आजोबांचा रेडिओ ही सख्खी भावंडं आहेत. ज्या लिओ फेंडरचं नाव तुमच्या आवडत्या गिटारवर असतं, त्याने १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. स्वतः त्याला गिटार वाजवता येत नव्हती. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ साली आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर केला, तो फेंडरच्याच एका सर्किटवरून. म्हणजे ज्या आवाजावर तुमचं रॉक संगीत उभं आहे, त्याची सुरुवात माझ्या काकांसारख्याच एका दुकानात झाली.

व्हॉल्व्ह चालतो कसा? सांगलीकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. उसाला पाणी देताना पाटाची दारं धरतात ना, तसंच. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि वरच्या ॲनोडकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी असते, ती म्हणजे पाटाचं दार. गिटारच्या तारेतून आलेली इवलीशी वीज ते दार किंचित हलवते आणि मागचा मोठा प्रवाह तसाच हलतो.

दारं धरण्याआधी

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण हिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. या यंत्राच्या आत साडेतीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते आत राहू शकतात. कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण. नळ बंद केला म्हणून रांजण रिकामा होत नाही.

चौदा वर्षांचा असताना मी प्लग काढलेल्या एका रेडिओत हात घातला होता. हात इतक्या जोरात झटकला गेला, की कोपर लोखंडी कपाटावर आपटलं. काकांनी आधी माझ्या कानाखाली एक वाजवली. मग ते खुर्चीत बसले, आणि त्यांचे हात बराच वेळ थरथरत होते. त्या दिवसापासून दुकानात नियम झाला. आतल्या चालू यंत्राला मीटर लावताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले, तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि वाटेत काळीज असतं.

अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर उलटा केला, तेव्हा लेकीने सहज बोट पुढे केलं. मी तिचं मनगट इतकं घट्ट पकडलं, की वळ उठला. ती चिडली. मग मी तिला ती कपाटाची गोष्ट सांगितली. पंधरा वर्षांत कधी सांगितली नव्हती.

आपल्यापैकी बरेच जण रास लफान किंवा मिसईदला कामाला आहोत. तिथे आपण काय करतो? कुलूप लावतो, टॅग लावतो आणि वीज नाही हे मीटरने सिद्ध केल्याशिवाय हात लावत नाही. घरच्या टेबलावरही तेच. प्लग काढून तो स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवायचा. कपॅसिटर मोठ्या रेझिस्टरमधून सावकाश रिकामा करायचा, स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून नाही. मग मीटरने बघायचं, आणि आकडा शून्याजवळ आल्यावरच हात घालायचा. ज्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांनी झाकण उघडूच नये. जाणकाराकडे न्यावं. यात कमीपणा नाही.

तपासणीचा क्रम

काका म्हणायचे, "आधी डोळे, मग नाक, मग कान. हात सगळ्यात शेवटी." आम्ही त्याच क्रमाने गेलो.

डोळे. आधी फ्यूज, मग प्लग. इथली वीज २४० व्होल्टची, हे यंत्र अमेरिकेच्या ११७ व्होल्टचं. म्हणून मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो आमच्याकडे होता, पण त्याच्या अर्थिंगची पिन आत कुठेच जोडलेली नव्हती! तुमच्याकडे असा डबा असेल, तर एकदा मीटरने तपासून घ्या. अमेरिकेहून आणलेल्या यंत्राला जुनी दोन पिनांची वायर असेल, तर ती बदलून तीन पिनांची अर्थिंगवाली घाला. आणखी एक. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. त्यामुळे तिकडचा ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. १२०ऐवजी ११० व्होल्टच्या सॉकेटला लावलेला बरा.

नाक. वास कपॅसिटरच्या डब्यापाशी होता. ॲल्युमिनियमच्या त्या डब्याचं तोंड फुगलेलं, खाली तपकिरी चिकट ओघळ. आधीच्या मालकांनी हे यंत्र दोन उन्हाळे बाहेरच्या स्टोअर रूममध्ये ठेवलं होतं. अशा कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दोह्याच्या ऑगस्टमध्ये बंद खोलीत काय झालं असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

कान. घुमणारा आवाज लेकीने आधीच फोनवर रेकॉर्ड केला होता. तो मी काकांना पाठवला. आता ते बयाऐंशी वर्षांचे आहेत. दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली. तासाभराने त्यांचा निरोप आला, "व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी येतोय का? येत असेल तर गिटारचा दोष नाही, वायरचाही नाही. आणि हा पन्नासचा नाही, शंभरचा हमिंग आहे. फिल्टर गेलाय."

"आजोबांना नुसत्या आवाजावरून कसं कळलं?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, तूच शोध. तिने गिटार घेतली, सर्वांत जाड तारेवर तिसरी पट्टी दाबली आणि हसली. तो सूर जी, ९८ हर्ट्झचा. घुमणं त्याच्या केसभर वर होतं, म्हणजे शंभर! विजेची लाट सेकंदाला पन्नास वेळा येते. रेक्टिफायर तिची खालची बाजूही वर वळवतो, म्हणून झाली शंभर. ती लाट सपाट करण्याचं काम फिल्टर कपॅसिटरचं. तो सुकला, की लाट थेट स्पीकरमधून ऐकू येते. तुमच्या यंत्राचा हमिंग याहून एक सप्तक खाली असेल, तर मात्र अर्थिंग, केबल नाहीतर एखादा व्हॉल्व्ह तपासा.

लाल नळीचा हिशेब

फिल्टर गेला हे कळलं, पण नळी लाल का झाली? इथे हात आले. मी, डावा हात खिशात घालून, मोजत होतो. लेक दोन हात लांब बसून आकडे लिहीत होती.

मधला व्हॉल्व्ह ६व्ही६. त्याच्या जाळीवर, म्हणजे पाचव्या पिनवर, शून्य व्होल्ट हवेत. होते सतरा. आठव्या पिनवर १९च्या आसपास हवेत. होते तीस. लगेच यंत्र बंद केलं. आता दहावीचा ओहमचा नियम. तिथला रेझिस्टर ४७० ओहमचा. तीस भागिले ४७०, म्हणजे सुमारे ६४ मिलिअँपिअर. हवे होते चाळीस. तेवढ्या प्रवाहात नळी सुमारे १८ वॅट सोसत होती, आणि तिची ताकद १४ची.

जाळीवर सतरा व्होल्ट आले कुठून? आधीच्या व्हॉल्व्हकडून येणाऱ्या छोट्या कपॅसिटरमधून. त्याने फक्त गाणं पुढे जाऊ द्यायचं आणि स्थिर व्होल्टेज अडवायचं असतं. तो गळत होता. म्हणजे पाटाचं दार उघडंच राहिलं आणि शेत बुडालं. आम्ही नुसती नळी बदलली असती, तर नवी नळीही आठवड्यात गेली असती. काका यालाच म्हणायचे, "मेलेल्याला बघू नका, मारणाऱ्याला शोधा."

चकलीच्या डब्याशेजारी

यादी छोटी होती. ४५० व्होल्टचे तीन फिल्टर कपॅसिटर, ६३० व्होल्टचा एक छोटा पॉलिएस्टर कपॅसिटर आणि एक ६व्ही६. मुंबईहून येणाऱ्या मित्राने लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर घेतले. ते त्याच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी बसून दोह्याला आले. व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवला. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आजही ते बनतात.

नव्या कपॅसिटरची अधिक-उणे टोकं दोनदा तपासली. ती उलटी लागली तर तो फुटतो. सोल्डरिंग लेकीनेच केलं. पहिले दोन सांधे मी उकलायला लावले. तिसरा चकचकीत आला.

पहिल्यांदा वीज देताना काकांची जुनी युक्ती वापरली, सिरीजचा बल्ब. साठ वॅटचा तारेचा पिवळा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडायचा. एलईडी चालत नाही. आत कुठे शॉर्ट असेल, तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. आमचा बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला. मग तो काढून थेट वीज दिली. पाचव्या पिनवर शून्य. आठव्यावर एकोणीस.

स्पीकर न जोडता असं यंत्र कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आम्ही जोडला होता. नळ्या नारिंगी झाल्या, आणि अर्धा मिनिट काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, चुकलंच काहीतरी. लेक म्हणाली, "बाबा, चालू आहे. हमिंग गेलाय, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाहीये."

तिने तीच तिसरी पट्टी दाबली. तो सूर आम्ही काकांना पाठवला. त्यांचा निरोप आला, "हां. आता गाणं पाठव." आणि मागून काकूंचा आवाज, "अहो, चहा गार झाला तुमचा."

आता तुमच्यासाठी एक काम. या सुट्टीत गावी जाल, तेव्हा माळ्यावर आजोबांचा रेडिओ असेल. हौसेने त्याचा प्लग लावू नका. चाळीस वर्षं न चाललेल्या रेडिओतले कपॅसिटर सुकलेले असतात आणि पहिल्याच दणक्यात ट्रान्सफॉर्मर जातो. आधी धूळ झटका, आतल्या व्हॉल्व्हच्या नंबरांचा फोटो काढा आणि जाणकार शोधा. गावात कुणीतरी एखादे काका अजून असतात. त्यांच्याकडे जाताना मुलांना सोबत न्या. पुढच्या वर्षी आमची लेक शिकायला बाहेर जाईल आणि हा अ‍ॅम्प्लिफायर तिच्यासोबत जाईल. त्याच्या झाकणाच्या आत तिने आकड्यांचा कागद चिकटवलाय. वर लिहिलंय, "डावा हात खिशात."